आठ दिवसांनी पाणी येतं, गुलाब काढून टाकू का?

अथणीच्या ताईंचा प्रश्न असा: नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, अंगणात गुलाबाची सात झाडं आहेत, रोज दोन-दोन तांबे घालूनही पानं गळतायत. ठेवू की काढू?

ताई, काढू नका. ते रोजचे दोन तांबे मात्र हळूहळू बंद करा.

मी खानापूरची. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, पण एप्रिल लागला की विहिरीचा तळ दिसतो. 2023 चा पाऊस दगा देऊन गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मीही तुमच्यासारखंच रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी घालत होते. नऊपैकी चार गुलाब गेले. उपटून बघते तर मुळं वरच्या चार बोटांतच जाळ्यासारखी पसरलेली! पाणी तेवढंच खाली पोचत होतं, मग मुळं आणखी खाली कशाला जातील? आणि मेच्या उन्हात सगळ्यात आधी तापते ती वरचीच माती. उरलेल्या पाचांना आधी दोन दिवसांआड, मग चार दिवसांनी, शेवटी आठवड्याने एकेक घागर सावकाश जिरवत दिली. आठवड्याचा हिशेब केला तर पाणी जवळपास तेवढंच. पाचही जगले.

तुमची माती काळी, आमची तांबडी, हा फरक मोठा आहे. तांबडीत पाणी पटकन निथळतं. काळी ओल धरते, पण वाळली की भेगाळते, मुळं तुटतात आणि ओतलेलं पाणी भेगेतून सरळ खाली जातं. म्हणून आधी खुरप्याने वरची दोन बोटं माती मोकळी करून भेगा बुजवा. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे शेतकऱ्यांचं म्हणणं गुलाबालाही लागू आहे. वर उसाचं पाचट चांगलं चार बोटं जाड पसरा, फक्त बुंध्याला चिकटू देऊ नका. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने कमी पाण्यावर, फवारणीशिवाय तगणारे गुलाब निवडले, त्या चाचण्यांतही मुळांवर असंच आच्छादन ठेवलं होतं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मडक्याचा. खानापुरात कुंभारांची कमी नाही. पाच-सहा लिटरचं नवं, बिनरंगाचं मडकं बुंध्यापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि तोंडावर झाकण ठेवायचं, नाहीतर डास होतात. माती सुकेल तसं मडकं पाझरतं आणि मुळं आपोआप तिकडे वळतात.

झाड दुपारी माना टाकतं म्हणून घाबरू नका. सकाळी सहाला पाहा. रात्रीत सावरलं असेल तर ठीक. सकाळीही पानं लोंबत असतील तर त्याच दिवशी पाणी द्या. खालची पानं पिवळी पडून गळणं ही झाडाची काटकसर आहे, तेवढ्याने ते मेलं असं नाही. नखाने साल खरवडून बघा, खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. पानांच्या खाली बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी, कोरड्या उन्हात हमखास येतो. पाणी भरायच्या दिवशी पानांच्या खालून जोराने पाणी मारा.

या दिवसांत फुलांची आशा मात्र सोडायची. कळ्या खुडून टाका. छाटणी करू नका, युरिया तर अजिबात नको. कोवळी फूट आली की ती पाणी मागते आणि उन्हात करपते. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालेल. फिल्टर मशीनमधून वाया जाणारं पाणी मुळांशी क्षार साठवतं, ते नको.

कुठली झाडं टिकतील म्हणाल, तर गावठी गुलाब सगळ्यात चिवट. कलमींत आइसबर्ग बरा तगतो. पॉलीहाऊससाठी तयार केलेल्या लांब दांड्याच्या जाती आधी माना टाकतात, पाणी अगदीच कमी पडलं तर आधी त्यांचा मोह सोडा. कलमाच्या खालून, खुंटावर फुटवा आला तर तो मुळापासून काढा, नाहीतर मिळेल ते पाणी तोच पिऊन टाकेल.

वळवाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की डोळ्यांतून तांबूस कोंब दिसतील. शेणखत तेव्हा घाला, त्याआधी नाही.