एक ‘सगळा’ आणि इंग्रजीतले अनेक शब्द

प्रश्न : आमच्या गावातील उत्सव समितीचा मी चिटणीस आहे. सरकारी कार्यालयात द्यावयाच्या इतिवृत्तात मी ‘होल व्हिलेजर्स वेअर प्रेझेंट’ असे लिहिले होते, ते तेथे ‘ऑल द व्हिलेजर्स’ असे दुरुस्त करण्यात आले. पुढच्या खेपेस ती दुरुस्ती ध्यानात ठेवून मी ‘ऑल व्हिलेज’ लिहिले, तर त्याचे ‘द होल व्हिलेज’ झाले. त्यातच मंडपाचे भाडे दोन हप्त्यांत चुकते केल्यावर शेवटच्या पावतीवर ‘टोटल अमाउंट रिसीव्हड’ असा शेरा मिळाला होता, तरीही दोन महिन्यांनी बाकीची मागणी आली. या शब्दांतला फरक कसा ओळखावा?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आपला घोटाळा मराठीच्या एका सोयीतून झाला आहे. आपण ‘सगळा गाव जमला’ म्हणतो आणि ‘सगळे गावकरी जमले’ असेही म्हणतो. शब्द एकच, फक्त वचन बदलते आणि अर्थ आपोआप उलगडतो. गोव्यातील ज्या वडीलधाऱ्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले, त्यांनाही हे नवे वाटणार नाही, कारण त्या भाषेतला ‘तोदु’ हा शब्द एकवचनात ‘सबंध’ आणि अनेकवचनात ‘सर्व’ असाच चालतो. इंग्रजीने मात्र ही दोन कामे दोन शब्दांकडे सोपवली आहेत : एका वस्तूच्या सबंधपणासाठी ‘होल’ आणि अनेकांच्या समुदायासाठी ‘ऑल’.

स्वयंपाकघरातला नारळ समोर ठेवला की हे लगेच स्पष्ट होते. देवापुढे ठेवायचा, न फोडलेला अख्खा नारळ म्हणजे ‘अ होल कोकोनट’. परसात पाडून ठेवलेली रास उचलायची असेल, तर ते ‘ऑल द कोकोनट्स’. आणि आदोळीवर खवून झाल्यावर ताटातला कीस मोजता येत नाही, तो केवळ कमीजास्त होतो; म्हणून आमटीत तो सगळा घालायचा असेल, तर पुन्हा ‘ऑल द कोकोनट’, तेही एकवचनात. म्हणजेच ‘होल’ला आकार आणि सीमा असलेली एक वस्तू लागते, तर ‘ऑल’ला अनेक वस्तू किंवा न मोजता येणारा पदार्थ चालतो. याच कारणाने ‘ऑल द मनी’ बरोबर आणि ‘द होल मनी’ चूक. पण ‘अमाउंट’ ही ठरावीक, एकच रक्कम असल्यामुळे ‘द होल अमाउंट’ योग्य ठरते. ‘होल’च्या मुळाशी धडधाकट, न दुखावलेले असा अर्थ आहे, आणि ‘हील’ व ‘हेल्थ’ हे शब्द त्याच कुळातले आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी अख्ख्या नारळाशी त्याचे नाते पटते.

जागेचाही फरक आहे. ‘ऑल’ हा ‘द’ किंवा ‘माय’ यांच्या आधी बसतो, ‘होल’ त्यांच्या नंतर : ‘ऑल माय लाइफ’, पण ‘माय होल लाइफ’. स्थळाच्या विशेषनामाआधी ‘होल’ नुसता येत नाही; ‘होल गोवा’ न लिहिता ‘द होल ऑफ गोवा’ किंवा ‘ऑल ऑफ गोवा’ असे लिहावे.

‘होल’ अनेकवचनी नामाबरोबर येतच नाही, असे मात्र समजू नये. सांगे तालुक्यातील साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी हे गाव गेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष उघडे पडतात. अशा बुडालेल्या गावांबद्दल ‘होल व्हिलेजेस वेंट अंडर वॉटर’ असे म्हटले, तर गावेच्या गावे, घरादारांसह, पाण्याखाली गेली असा अर्थ होतो. ‘ऑल द व्हिलेजेस’ म्हटले, तर परिसरात एकही गाव उरले नाही असा अर्थ होईल, आणि तो खरा नाही. आपल्या वाक्यात गावकरी अख्खे होते की तुटके हा प्रश्नच नव्हता, सर्वजण आले होते एवढेच सांगायचे होते. म्हणून तेथे ‘होल’ चुकला.

आता पावतीकडे वळतो, कारण तेथे शब्दाबरोबर पैसाही गुंतलेला आहे. ‘टोटल’ म्हणजे बेरीज. ती कशाची, हे लिहिले नसेल तर त्या एका पावतीवरील रकमांची बेरीज, असा अर्थही कोणी लावू शकतो, आणि आपल्या बाबतीत बहुधा तेच घडले. ‘फुल’ हा शब्द देणे फिटले का, याचे उत्तर देतो. ठरलेले भाडे १२,००० रुपये, आगाऊ दिलेले ५,००० आणि नंतरचे ७,००० असतील, तर १२,००० हे ‘टोटल’. आणि शेवटच्या पावतीवर ७,००० मिळाल्याची नोंद करून त्यापुढे ‘इन फुल पेमेंट’ असे लिहून घ्यावे, तसेच मूळ भाड्याचा आकडा व आगाऊ रकमेची तारीखही त्याच कागदावर घालून घ्यावी. ‘कम्प्लीट अमाउंट’ असे काही जण लिहितात, ते अर्थाला धरून असले तरी कानाला खटकते. ‘कम्प्लीट’ हा शब्द कागदपत्रांच्या संचासारख्या, ज्यातला एखादा घटक गहाळ होऊ शकतो अशा गोष्टीला शोभतो. ‘एन्टायर’ हा ‘होल’चाच अधिक औपचारिक भाऊ आहे.

प्रश्न : ‘ऑल’ आणि ‘एव्हरी’ एकमेकांच्या जागी वापरता येतात का? ‘ऑल स्टुडंट्स आर नॉट एलिजिबल’ ही सूचना वाचून माझ्या मुलीने अर्जच भरला नाही.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘एव्हरी’ एकेकाला मोजत जातो, म्हणून त्यामागे एकवचन येते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ‘एव्हरी फ्रायडे’ भरतो. त्यात एखादा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला, तर तो ‘ऑल डे’ बसला. ‘ऑल डे’ दिवसभर, ‘एव्हरी डे’ दररोज. सूचनेबाबत दोष आपल्या मुलीचा नाही. त्या वाक्याचे ‘कोणीच पात्र नाही’ आणि ‘सगळेच पात्र नाहीत’ असे दोन्ही अर्थ निघतात. ‘नॉट ऑल स्टुडंट्स आर एलिजिबल’ असे लिहिले असते, तर काही जण पात्र आहेत हे वाचताक्षणीच कळले असते. मुदत शिल्लक असेल, तर पात्रतेची अट विचारून अर्ज अवश्य भरावा.