‘रिफिफी’: एका अंगठीपायी संपलेली टोळी

चोरी फत्ते होऊनही ती चोरांना पचत नाही, असा एखादा जुना चित्रपट सुचवावा आणि त्यांचा घात कशाने होतो तेही सांगावे, असे आपण विचारले आहे. मी ज्यूल्स डॅसिन यांचा १९५५ सालचा ‘रिफिफी’ हा फ्रेंच कृष्णधवल चित्रपट सुचवेन. शेवट आपणच विचारला असल्यामुळे तो झाकून ठेवत नाही.

पॅरिसमधील एका जवाहिऱ्याच्या दुकानात चौघे जण वरच्या मजल्याची जमीन फोडून उतरतात. ढिगाऱ्याचा आवाज होऊ नये म्हणून भोकातून छत्री खाली सोडून ती उघडतात आणि धोक्याची घंटा आग विझवण्याच्या फेसाने मुकी करतात. सुमारे अर्ध्या तासाच्या या प्रसंगात ना संवाद आहे, ना संगीत. इतक्या शिस्तीच्या या टोळीतला तिजोरी उघडणारा सेझार मात्र एक अंगठी गुपचूप खिशात टाकतो आणि क्लबमधल्या गायिकेला देतो. त्या अंगठीवरून क्लबचालक ग्रुटरला सुगावा लागतो, भेदरलेला सेझार साथीदाराचे नाव सांगून बसतो, आणि मग तो साथीदार मारियो व त्याची सोबतीण मारली जातात, ‘जो’ नावाच्या चौथ्या साथीदाराच्या लहानग्या मुलाला पळवले जाते. पोलिसांची या सर्वनाशात गरजच पडत नाही.

टोळीचा म्होरक्या टोनी क्लबमध्ये बांधून ठेवलेल्या सेझारसमोर उभा राहतो, तो प्रसंग मला साऱ्या चित्रपटाचा गाभा वाटतो. सेझार क्षमा मागतो. तू मला आवडायचास, पण नियम तुला ठाऊक आहे, असे सांगून टोनी त्याला गोळी घालतो. सेझारची ही भूमिका डॅसिन यांनी ‘पेर्लो व्हिटा’ या नावाने स्वतः केली आहे. साम्यवादी असल्याच्या आरोपावरून हॉलिवूडची दारे ज्यांना बंद झाली, आणि तीही सहकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे नाव घेतल्यामुळे, त्यांनीच फितुराची भूमिका करावी, हे कळल्यापासून तो प्रसंग मला अधिकच जड वाटतो.

टोनीही सुटत नाही. तुरुंगातून आल्यावर ज्या मादोला, आपल्या पूर्वीच्या प्रेयसीला, त्याने पट्ट्याने मारले होते, तिच्याच मदतीने तो मुलाचा ठावठिकाणा शोधतो. पण मुलाला सोडवून तो पोहोचेपर्यंत मुलाचा बाप ‘जो’ ग्रुटरच्या हातून मारला गेलेला असतो. ग्रुटरला संपवून, स्वतः गोळी लागलेल्या अवस्थेत, टोनी मुलाला घेऊन पॅरिसमधून भरधाव गाडी हाकतो, आणि मागे ते पोर खेळण्यातले पिस्तूल रोखत आनंदाने ओरडत असते. दारात गाडी थांबते तेव्हा टोनी मेलेला असतो. आई धावत येऊन मुलाला उचलून नेते. पैशांनी भरलेली बॅग गाडीतच पडून राहते.