डांबर की काँक्रीट? आधी हिशोब नीट मांड

नव्या जेईंना (कनिष्ठ अभियंत्यांना) एकच सांगतो: निविदेची रक्कम बघून डांबरी रस्ता स्वस्त म्हणू नकोस. काँक्रीट रस्त्याचं संकल्पन (डिझाइन) साधारण 30 वर्षांचं, डांबराचं 15-20, आणि मध्ये दर काही वर्षांनी वरचा थर येतोच. म्हणून दोन्हींना सारखाच काळ धर, 30 वर्षं. पुढचे खर्च आजच्या किमतीत आण. 10 टक्के वटाव दराने, म्हणजे पैशाची किंमत वर्षाला जितकी घटते असं धरतो त्या दराने, 20 वर्षांनंतरचे 100 रुपये आज जेमतेम 15 भरतात. हा दर थोडा हलवला तरी निकाल उलटू शकतो, त्यामुळे दोन-तीन दरांनी करून बघ.

काँक्रीट म्हणजे देखभाल शून्य, असंही लिहू नकोस. सांध्यातलं सीलंट (फट बुजवणारा मसाला) निघालं की पाणी खाली उतरतं. आणि गल्लीत ड्रेनेज, जलवाहिनी जुनी असेल तर आधी ती बदल. आमच्या एका रस्त्यावर वर्षाच्या आत काँक्रीट फोडायला ब्रेकर मशीन लावावं लागलं होतं. तो चर अजून गाडीला हिसका देतो!

पुण्याचा जंगली महाराज रस्ता डांबरीच, 1970 च्या दशकातला, दहा वर्षांच्या हमीचा. पुढे कित्येक पावसाळे टिकला. डांबराचा खरा शत्रू साचलेलं पाणी, त्यामुळे तुझ्या तक्त्यात पाण्याच्या निचऱ्याचा खर्च वेगळा दाखव. तो सगळ्यात आधी कापला जातो.