शिंगं लावली म्हणून लेकरू सैतानाचं होत नाही

ताई,
आम्ही मूळचे वसईचे, कॅथलिक. सध्या न्यू जर्सीत असतो. मुलगा आठ वर्षांचा आहे. यंदा हॅलोविनला त्याला सैतान व्हायचंय. लाल झगा, शिंगं, शेपटी, सगळं आणून झालं. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणून सासूबाईंना सहा महिन्यांसाठी इकडे आणलंय. त्यांनी पोशाख पाहिला आणि घरात रडारड झाली. "बाप्तिस्म्यात ज्याला नाकारलं त्याचेच कपडे? सैतान अंगात शिरेल," असं त्या मुलासमोरच बोलल्या. तेव्हापासून तो दिवा लावून झोपतो, पण पोशाखाचा हट्ट सोडत नाही. शेजारचे इव्हँजेलिकल या प्रॉटेस्टंट चर्चला जाणारे आहेत, ते हॅलोविन अजिबात पाळत नाहीत. त्या रात्री ते मुलांना चर्चच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलला नेतात. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी काय ते बघा. हे खरंच पाप आहे का? आणि सासूबाईंना काय सांगू?
– एक आई

प्रिय मैत्रिणी,

मुलगा दिवा लावून झोपतो, हे तू जाता जाता लिहिलंस. मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं. पोशाखाचं काय करायचं ते ठरवायला वेळ आहे, पण ही भीती आजच काढायला घे. आठ वर्षांच्या मुलाला 'अंगात शिरेल' हे जसंच्या तसं खरं वाटतं. अंधारात पडल्या पडल्या तो त्याचीच वाट बघत असणार.

त्याच्या शेजारी बसा आणि सांगा, की कापड अंगावर चढवल्याने कुणी आत शिरत नाही. तुझा बाप्तिस्मा झालाय, त्याची खूण कशानेही पुसली जात नाही. ही नुसती समजूत घालायची गोष्ट नव्हे, तुमच्या चर्चची शिकवणच आहे. कुठलंही पाप ती खूण पुसू शकत नाही, असं कॅटेकिझममध्ये, म्हणजे कॅथलिक शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, स्पष्ट लिहिलंय. मग लाल झग्याची काय कथा! आजी घाबरली म्हणून तसं बोलली, तुझ्यावर रागावली नाही, हेही सांगा. आणि हे सगळं त्याच्या बाबाने सांगावं. आई त्याची, मुलगा त्याचा, तेव्हा 'तुम्ही दोघी बघा' म्हणून त्याला सुटता येणार नाही.

आता तुझा प्रश्न. माझ्या मते हे पाप नाही.

हॅलोविन, म्हणजे 31 ऑक्टोबरची रात्र, ही मुळात सकल संतांच्या सणाची आदली रात्र. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी रोमच्या सेंट पीटर्समध्ये सर्व संतांच्या नावे एक चॅपल अर्पण केलं आणि पुढच्या शतकात 1 नोव्हेंबरचा हा सण पश्चिम युरोपभर पसरला. आयर्लंडात त्याच सुमारास साविन नावाचा जुना सण असे, उन्हाळा संपून हिवाळा लागण्याच्या वेळचा. दोन्हींच्या प्रथा एकमेकींत मिसळल्या. सोंगं घेऊन दारोदार फिरायचं, सलगम कोरून आत दिवा ठेवायचा, हे सगळं एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश लोकांबरोबर अमेरिकेत आलं आणि तिथे सलगमाचा भोपळा झाला. गोळ्या-चॉकलेटं मागत फिरणं तर त्याहून अलीकडचं. दुसऱ्या महायुद्धातली साखरेची टंचाई सरल्यावर ते देशभर रुजलं.

तुझ्या शेजाऱ्यांचा आक्षेप वेगळ्या मुळातून येतो. चर्चवर टीका करणारे मार्टिन ल्यूथरचे 95 सिद्धान्त 31 ऑक्टोबर 1517 चे, प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा तिथून सुरू झाली. त्या धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंटांनी मृतांसाठी प्रार्थना करणं सोडलं, आणि त्यांच्यातल्या कडक पंथांनी संतांचे सणही. आज इव्हँजेलिकल लोक बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तिथे जादूटोणा आणि मृतांना विचारणं याला सक्त मनाई आहे. त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे, तिला नावं ठेवू नकोस. पण याच मंडळींतल्या काही चर्चेसनी 1970 च्या दशकापासून स्वतःच भयघरं उभारली. त्यात सैतानाची सोंगं आणून तरुणांना नरकाची दहशत दाखवतात आणि विश्वासाकडे वळवू बघतात. म्हणजे त्या पोशाखाबद्दल ख्रिस्ती लोकांत एकमत कधीच नव्हतं. अशा वादांसाठीच संत पौलाने रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय लिहिला असावा असं मला वाटतं. कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे दिवस सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याचा न्याय करू नये. सासूबाईंना हा अध्याय वाचून दाखव.

कॅटेकिझमच्या 2116 आणि 2117 या परिच्छेदांत मनाई आहे ती भविष्य जाणून घेण्याला, मृतांना बोलावण्याला, जादूटोण्याला. वेषभूषेला नाही. त्यामुळे रेष ओढायचीच तर मी तिथे ओढेन. एखाद्या मित्राकडे रात्री मुक्कामाला गेला आणि तिथे मृतांशी बोलायला म्हणून वापरतात तो वीजा (Ouija) बोर्ड निघाला, तर 'आमच्या घरी हे चालत नाही' म्हणून उठून यायचं, हे त्याला आत्ताच शिकवून ठेव.

शिंगं, शेपटी आणि हातात काटा असलेला लाल सैतान बायबलमध्ये तसा कुठे भेटत नाही. प्रकटीकरणात सात डोक्यांचा, दहा शिंगांचा तांबडा अजगर आहे. पौल तर म्हणतो, की सैतान तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो. आजचं ते ध्यान घडलं बरंचसं चित्रांत आणि मध्ययुगातल्या धार्मिक नाटकांत. तिथे सैतानाची फजिती बघून लोक खदाखदा हसत.

व्हेनेझुएलात सान फ्रान्सिस्को दे यारे नावाचं गाव आहे. तिथले भक्त कॉर्पस क्रिस्तीच्या, म्हणजे ख्रिस्तशरीराच्या सणाच्या, दिवशी नखशिखान्त लाल कपडे घालतात, शिंगांचे मोठाले रंगीत मुखवटे चढवतात आणि नाचत नाचत चर्चसमोर येतात. तिथे ते सैतान पवित्र ख्रिस्तप्रसादापुढे गुडघे टेकतात. बरेच जण नवस फेडायला नाचतात. 2012 साली युनेस्कोने व्हेनेझुएलातल्या या सैताननृत्यांना मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ही माणसं सासूबाईंइतकीच कॅथलिक आहेत. सैतान हरतो हे दाखवायला कुणीतरी सैतान व्हावंच लागतं. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरं चांगला विक्राळ नरकासुर बांधतात आणि पहाटे जाळतात, त्यांना कुणी नरकासुराचे भक्त म्हणत नाही.

तरीही सासूबाईंना अडाणी ठरवू नकोस. बाप्तिस्म्यात आईवडिलांना आणि धर्ममातापित्यांना विचारतात, सैतानाचा त्याग करता का? पुनरुत्थानाच्या जागरणविधीत दरवर्षी सगळ्यांकडून ते वचन पुन्हा घेतात. तुझ्या सासूबाईंनी हातात पेटती मेणबत्ती धरून आयुष्यभर 'होय' म्हटलंय. त्या शब्दाला त्या जागतात, म्हणून त्यांना रडू आलं.

शिवाय मला एक शंका येते. खिडकीतून त्यांना सध्या काय दिसत असेल? दारोदारच्या हिरवळीवर थर्माकोलच्या कबरी, मातीतून वर आलेले प्लास्टिकचे हात, झाडाला लटकवलेले सांगाडे. तिकडे वसईत 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, लोक कबरी झाडून-पुसून घेतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात, फादर येऊन आशीर्वाद देतात. सासऱ्यांना जाऊन दोनच वर्षं झाली आणि यंदा त्या दिवशी त्या त्यांच्या कबरीपाशी नसतील. ज्या दिवसांत त्यांनी आपल्या माणसासाठी प्रार्थना करायची, त्याच दिवसांत इथे कबरींची गंमत चाललीय. सैतानापेक्षा हेच त्यांना जास्त लागलं असेल. एकदा विचारून बघ. "आई, बाबांची आठवण येतेय का?" एवढंच विचार आणि त्या बोलतील तेवढं ऐकून घे.

सासऱ्यांच्या नावाने मिस्साची विनंती देऊन ठेव. 1 आणि 2 तारखेला त्यांना चर्चला घेऊन जा, सोबत नातवालाही ने. वसईत कुणी नातेवाईक असतील तर त्यांना कबरीवर फुलं घालायला सांग आणि शक्य झालं तर तिथून व्हिडिओ कॉल लावून दे. 'एवढं करते, आता पोशाखाला हो म्हणा' असा सौदा मात्र करू नकोस. पोशाखाचं काहीही ठरलं तरी हे करायचंच आहे.

पोशाखाचा निर्णय तुम्हा नवरा-बायकोचा. भीती गेल्यावर मुलाला पुन्हा विचारा. तेव्हाही त्याला सैतानच व्हायचं असेल तर होऊ दे. आजीच्या प्रार्थनेच्या वेळी शिंगं काढून ठेवायची आणि लहान मुलांना घाबरवायचं नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. लपवाछपवी नको. घरातून साध्या कपड्यांत नेऊन गाडीत पोशाख चढवलात, तर आजीला फसवायचं असतं हे तो शिकेल.

सासूबाईंना नवऱ्याने स्वतः सांगावं, "आई, तुझं म्हणणं कळलं. आम्हाला हे पाप वाटत नाही, पण तुझ्यावर जबरदस्ती नाही. फक्त त्याच्यासमोर सैतान शिरेल असं पुन्हा म्हणू नकोस, तो झोपत नाही." एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही तर तुमच्या पॅरिशच्या फादरांशी त्यांची गाठ घालून दे. आपलं जे ऐकत नाहीत ते पुष्कळदा फादरांचं ऐकतात.

शेजाऱ्यांनी हार्वेस्ट फेस्टिव्हलला बोलावलं तर एखाद्या वर्षी जरूर जा. आणि 31 च्या संध्याकाळी सासूबाईंना आपल्या खोलीत जपमाळ करत बसायचं असेल तर बसू दे. गोळ्या मागायला आलेल्या पोरांसाठी दार तुझा नवरा उघडेल.

तुझी,
ताई