वाचकांचे प्रश्न : तालुक्याची बीजीएमआय स्पर्धा, तिचे नियम आणि तिचे खेळाडू

ऑनलाइन संघखेळांविषयी कोकणातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण अनेक मंडळांना येत असल्यामुळे तिचे उत्तर विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : आमच्या मंडळाने जून-जुलैच्या मासेमारीबंदीत, बंदरावरची मुले घरी असतात म्हणून, बीजीएमआयची (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या मोबाइलवरील लढाईच्या खेळाची) १६ संघांची स्पर्धा भरवली. चौथ्या सामन्यात एका वाडीची वीज गेली आणि दोन संघांतले सहा खेळाडू बाहेर फेकले गेले. त्यांनी सामना पुन्हा घेण्याची मागणी केली, आघाडीवरच्या संघाने ती नाकारली, आणि कटुता एवढी वाढली की शेवटचा सामना झालाच नाही. अशा वेळी नियम काय सांगतो? (एक आयोजक, हर्णै)

उत्तर : सामना पुन्हा खेळवावा, असे म्हणणाऱ्याची बाजू खरी असते आणि खेळवू नये, असे म्हणणाऱ्याचीही खरी असते. म्हणूनच हा निर्णय पहिला सामना सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावा लागतो. वीज गेल्यावर ठरवायला बसले की प्रत्येक जण आपापल्या गुणांकडे पाहून बोलू लागतो, आणि आयोजकाने कितीही निःपक्षपातीपणे निकाल दिला तरी एका बाजूला तो पक्षपातच वाटतो.

काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट यांसारख्या पाच-विरुद्ध-पाच खेळांत फेऱ्या लहान असतात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये सामना थांबवता येतो. बीजीएमआयच्या कस्टम रूममध्ये (आयोजकाने स्पर्धेसाठी उघडलेल्या खासगी सामन्यात) मात्र १६ संघांचे ६४ खेळाडू एकाच नकाशावर, आकसत जाणाऱ्या झोनमध्ये (सुरक्षित क्षेत्रात) एकाच वेळी खेळत असतात. तेथे कोणासाठीही घड्याळ थांबत नाही. ज्याचे इंटरनेट तुटले तो खेळाडू, त्याचे पात्र जिवंत असेपर्यंत, त्याच सामन्यात परत येऊ शकतो. तोवर ते पात्र प्रतिस्पर्ध्यांच्या समोर निश्चल उभे असते. हे नुकसान मोठे आहे, तरीही एकट्यादुकट्याच्या खंडित इंटरनेटमुळे सामना रद्द करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण एकदा ती वाट उघडली की हरत आलेला संघही डेटा बंद करून तीच वाट धरू शकतो.

अपवाद दोनच ठेवावेत. खेळाच्या सर्व्हरमध्येच बिघाड झाला तर, किंवा पहिला झोन आकसू लागण्यापूर्वी ठरावीक संख्येहून अधिक खेळाडू बाहेर पडले तर, सामना पुन्हा घ्यावा. ही संख्या १२ असावी की १६, हे आपल्या भागातील पावसाळ्यातली वीज पाहून ठरवावे. परंतु ती आकड्यात लिहावी. ‘बरेच खेळाडू’ असे लिहिले की भांडण पुन्हा त्याच जागी येते. आपल्या स्पर्धेत सहा खेळाडू आणि तोही चौथा सामना, हे पाहता या नियमानुसार सामना पुन्हा झाला नसता. पण दोन्ही संघांना ते आधी माहीत असते, तर त्यांनी निमूटपणे पाचवा सामना खेळला असता, असे मला वाटते.

गुणांची पद्धतही सर्वांना तोंडपाठ हवी. मोठ्या अधिकृत स्पर्धांत प्रचलित झालेल्या पद्धतीनुसार पहिल्या क्रमांकाला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, चौथ्याला ४, पुढे अनुक्रमे ३, २, १, १ आणि शिवाय प्रत्येक फिनिशला (प्रतिस्पर्धी खेळाडू बाद करण्याला) १ गुण मिळतो. त्यामुळे तीन फिनिश घेऊन सामना जिंकणारा संघ १३ गुणांवर थांबतो आणि नऊ फिनिश घेऊन तिसरा आलेला संघ १४ गुण मिळवतो. ज्या मंडळांत हे समजावून सांगितले जात नाही, तेथे ‘आम्ही जिंकलो, मग मागे कसे?’ हा वाद हमखास उद्भवतो. बरोबरी झाल्यास आधी जिंकलेले सामने, मग क्रमांकाचे गुण, मग फिनिश, असा क्रम लावावा.

टॅबलेट चालेल की केवळ फोन, राखीव खेळाडू किती आणि तो कोणत्या सामन्यापासून उतरवता येईल, हेही त्याच कागदावर असावे. हॅकच्या (फसवणुकीचे सॉफ्टवेअर वापरल्याच्या) तक्रारीविषयी तर विशेष दक्षता हवी. चांगल्या नेमबाजाला सर्वांसमक्ष ‘हॅकर’ म्हणणे फार सोपे असते, आणि तालुक्यासारख्या लहान खेळाडू-वर्तुळात तो शिक्का वर्षानुवर्षे पुसला जात नाही. म्हणून तक्रार सामन्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, रेकॉर्डिंगसह आणि फक्त आयोजकाकडे द्यावी. अंतिम फेरीत प्रत्येकाकडून हँडकॅम घ्यावा, म्हणजे हात आणि पडदा दोन्ही दिसतील. आणि तक्रारींचा निकाल तिघांनी द्यावा, त्यांच्यापैकी कोणीही त्या स्पर्धेत खेळत नसावा.

प्रवेश शुल्काविषयी आपण विचारले नाही, तरी सांगणे आवश्यक आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला (कौशल्याच्या ऑनलाइन खेळांच्या स्पर्धांना) वेगळे, मान्य स्थान दिले. त्या व्याख्येत स्पर्धेतील प्रवेशासाठी वा व्यवस्थापनाच्या खर्चासाठी घेतलेले शुल्क आणि कामगिरीवरचे बक्षीस बसते, पण कोणाचीही पैज बसत नाही. शिवाय त्या ई-स्पोर्ट्सची मान्यता आणि नोंदणीही अपेक्षित आहे. गावच्या मंडळाने म्हणूनच बक्षीस स्थानिक प्रायोजकाकडून घ्यावे, शुल्क ठेवू नये किंवा खर्चापुरतेच ठेवावे, आणि ‘एका फिनिशला इतके रुपये’ अशा खासगी पैजा लावणाऱ्या संघाला थेट बाहेर काढावे. खेळाच्या कंपनीचे बाहेरच्या आयोजकांसाठीचे नियमही आधी वाचून घ्यावेत.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. रोज रात्री नऊ ते बारा तो ‘बीजीएमआयची स्क्रिम आहे’ म्हणून खोलीचे दार लावून घेतो. मधेच हाक मारली तर रडकुंडीला येतो. हा खेळ एकदा बंद झाला होता ना? मग तो खेळू द्यावा का? (एक आई, मालवण)

उत्तर : पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, बीजीएमआय हा त्याच्याच धर्तीचा, भारतासाठीचा वेगळा खेळ जुलै २०२१ मध्ये सुरू झाला, जुलै २०२२ मध्ये तो फोनच्या स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. परतताना १८ वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. आपला मुलगा रोज त्या मर्यादेच्या काठावर खेळतो आहे, आणि शाळकरी वयाला ते रोजच्या रोज खचितच जास्त आहे.

परंतु त्याची रडकुंडी समजून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. स्क्रिम म्हणजे इतर संघांशी वेळ ठरवून खेळलेला सराव सामना. संघात चार जण असतात. एक आयजीएल, म्हणजे सामना चालू असताना कुठे उतरायचे, केव्हा हलायचे याचे कॉल देणारा, आणि बाकीचे त्याच्या शब्दावर पुढे जाणारे. कबड्डीत साखळीतला एक गडी अचानक हात सोडून निघून गेला तर जे होते, तेच येथे होते. त्यामुळे सामन्याच्या मध्यात फोन काढून घेण्यापेक्षा आठवड्याचा स्लॉट (स्क्रिमची ठरलेली वेळ) घेण्यापूर्वी त्याच्याशी, आणि शक्य असल्यास त्याच्या आयजीएलशी, बोलावे : आठवड्यातून तीन रात्री, साडेदहापर्यंत, परीक्षेच्या महिन्यात नाही. ही अट आधी कळली तर संघ राखीव खेळाडू शोधू शकतो. मी पाहिलेल्या चांगल्या संघांत दहावी-बारावीच्या मुलांसाठी अशी तजवीज असतेच.

यात भवितव्य आहे का, हेही आपल्या मनात असेल. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय होते आणि तेथे भारताच्या तीर्थ मेहता यांनी कांस्यपदक मिळवले; २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदके अधिकृत तालिकेत धरली गेली. मान वाढला आहे, यात शंका नाही. पण त्या मानावर घर चालवणारे मोजके आहेत, म्हणून अभ्यासाला पर्याय म्हणून याकडे पाहू नये.

प्रश्न : मी चांगली खेळते, पण माईक सुरू केला की दुसऱ्या संघांतून घाणेरडे बोलले जाते. स्पर्धेत नाव दिले तेव्हा माझा नंबर सर्व संघांच्या ग्रुपवर गेला आणि अनोळखी फोन येऊ लागले. (एक खेळाडू, गुहागर)

उत्तर : झाला तो प्रकार गंभीर आहे आणि त्याची जबाबदारी प्रथम आयोजकांची आहे. नंबर नोंदणी पाहणाऱ्या एका व्यक्तीकडेच राहायला हवा. सर्व संघांच्या ग्रुपवर केवळ आयजीएल असावेत, आणि तेही स्वतःच्या संमतीने. त्या फोनची नोंद ठेवावी, त्रास सुरू राहिल्यास १९३० या सायबर मदतक्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी, आणि घरातील एका मोठ्या माणसाला हे आजच सांगावे. खेळात आवाज फक्त आपल्या संघापुरता ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. मात्र शिवीगाळ करणाऱ्यांमुळे माईकच बंद करू नये, कारण कॉल न देणारा खेळाडू संघाला अर्धाच उपयोगी पडतो. पुढच्या स्पर्धेत नाव देण्यापूर्वी नियमावलीत शिवीगाळीला गुणकपात आणि बाद करण्याची तरतूद आहे का, हे विचारा. नसेल तर ती घालण्याचा आग्रह धरा. तुमच्याबरोबर खेळणाऱ्या तीन मुलांनीही तो आग्रह धरला पाहिजे, हे त्यांना माझ्या वतीने सांगावे.

प्रश्न : देवगडात पिंग (खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) १५० च्या खाली येत नाही. मुंबईतला सर्व्हर लांब आहे म्हणून का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंत जाऊन येण्यास त्याला चार-पाच मिलिसेकंद पुरतात. विलंब बहुधा घरातला किंवा टॉवरवरचा असतो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून वायफाय क्षीण होते, म्हणून राउटर खेळण्याच्या खोलीत आणावा. सरासरीपेक्षा चढउतार पाहावा. स्थिर ७० पिंगवर जो खेळ जमतो, तो ३० आणि २०० यांमध्ये हेलकावणाऱ्या पिंगवर जमत नाही. पावसाळ्यासाठी राउटरला लहान यूपीएस जोडावा आणि फायबर तुटल्यास मोबाइल डेटावर जाण्याचा सराव स्क्रिममध्येच करून ठेवावा.