मुलगी तासन्‌तास वाचते, घरी विचारलं की सगळं येतं, पण पेपरात मार्क पडत नाहीत. उजळणी कशी करून घ्यावी?

"घरी विचारलं की सगळं येतं" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण हे माझ्या ताईचं पेटंट वाक्य आहे आणि त्यावरून आम्ही दोघं चार महिने धड बोलत नव्हतो.

घरी विचारता म्हणजे कधी विचारता ते आधी सांगा. ताई काय करायची, भाचीचा (तेव्हा नववीत) धडा वाचून झाला रे झाला की पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारायची, पोरगी धडाधड उत्तरं द्यायची, ताई खूश, चला पुढचा धडा. परीक्षेला आठ दिवस उरले असताना मला म्हणाली, जरा तिचं सायन्स बघ. मी पुस्तक मिटलं, कोरा कागद दिला आणि म्हटलं, प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांतला फरक लिही, ३ मार्कांना. धडा वाचून तीन दिवस झालेले. पोरगी पेन चावत बसली आणि मग म्हणते, "मामा, ते डाव्या पानावर खाली आहे, चौकटीत, मी पिवळं केलंय." चौकट आठवतेय, चौकटीत काय आहे ते नाही! शेवटी लिहिलं ते असं, अर्धं पान प्रकाशसंश्लेषण, खाली अर्धं पान श्वसन. एक ओळ चूक नाही आणि फरक कुठेच नाही. मी १ मार्क दिला. ती रडायला लागली, ताई आतून आली, कागद बघितला आणि म्हणाली, "तुला स्वतःला मूल असतं तर असं वागला नसतास."

यावर मी काय बोलणार. पण गप्पही बसवेना, म्हणून पाच दिवसांनी तिला व्हॉट्सॲपवर २००६ चा रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग लिहून पाठवला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दोनदा वाचायला दिला, दुसरा एकदा वाचून मग न बघता लिहून काढायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचलेला पुढे, ८१ टक्के आठवला, दुसरा ७५. आठवड्याने विचारलं तर उलटं, वाचलेला ४२ आणि लिहून काढलेला ५६. ताई घ्यायची ती परीक्षा पाच मिनिटांवाली, शाळा घेते ती आठवड्यानंतरची. निळी टिक आली, उत्तर नाही.

तर आज वाचलेलं परवा विचारा, कोऱ्या कागदावर, पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवून. राहिलेलं तिनेच पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाने भरायचं, तुम्ही सांगायचं नाही, आणि चार-पाच दिवसांनी फक्त तेवढंच परत. हायलायटर काढून घ्या सरळ. पेपर लिहिताना प्रश्नात काय करायला सांगितलंय ते आधी बघायची सवय लावा. फरक स्पष्ट करा म्हटलंय तर एकेक मुद्दा धरून दोन्ही बाजू समोरासमोर, कुठे होतं (हरितलवक, तंतुकणिका), कधी होतं (उजेड असताना, दिवसरात्र), कोणता वायू आत आणि कोणता बाहेर. तीन मुद्दे, तीन मार्क, रेघ मारा आणि पुढे चला. "कारणे द्या" ला व्याख्या लिहीत बसणाऱ्या पोरांना मार्क कुठून मिळणार? गणिताचं मला विचारू नका, तिथे रोज गणितं सोडवणं, बास.

हां, एक राहिलंच. हे सगळं परीक्षेच्या तोंडावर सुरू करू नका, मी केलं ते चुकलंच. आणि पहिल्या कागदाला मार्क तर अजिबात देऊ नका. (हे ताईला अजून बोललेलो नाही.)

भाचीचे त्या परीक्षेतले मार्क विचाराल तर होते तिथेच राहिले, आणि ताई ते अजून ऐकवते. पण धडे अकरा होते हो, आणि दिवस आठ.