पोस्ट सोड, गणित सोडू नकोस

चि. खेळाडूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. यंदा दहावी, उंची ६ फूट २ इंच, शाळेच्या बास्केटबॉल संघात सेंटर, सामन्याला वीसेक गुण, आणि मनात अमेरिकेतलं कॉलेज व त्यापुढे एनबीए, म्हणजे तिथली सगळ्यांत मोठी व्यावसायिक लीग. बेत मोठा आहे आणि तो करू नकोस असं मी सांगणार नाही. पण दोन गोष्टी तुला आत्ता, दहावीतच, समजायला हव्यात. त्या बारावीनंतर कळून उपयोग नसतो.

पहिली गोष्ट तुझ्या जागेची. आपल्याकडे शाळेत जो सगळ्यांत उंच, त्याला सर रिंगखाली, म्हणजे पोस्टवर, सेंटर म्हणून उभा करतात. चेंडू वरून द्यायचा, त्यानं वळून टाकायचा. सामने जिंकता येतात, त्यामुळे कुणाला काही चुकतंय असं वाटत नाही. पण अमेरिकी कॉलेजात ६ फूट २ इंचाचा मुलगा गार्ड असतो. चेंडू कोर्टच्या एका टोकाहून दुसरीकडे नेणं हे त्याचं काम, तेही समोरचा खेळाडू छातीला छाती लावून दाबत असताना. एनबीएत सरासरी उंचीच ६ फूट ६ इंचांच्या आसपास आहे. तू सतराव्या वर्षापर्यंत आणखी दोन इंच वाढलास तरी सेंटर होणार नाहीस. म्हणजे आज ज्या कामाच्या जोरावर तू शाळेत राजा आहेस, ते काम वर कुणी तुला देणारच नाही.

सतनाम सिंग भामराकडे बघ. पंजाबातल्या बल्लो के या गावचा मुलगा, लुधियानाच्या अकादमीत घडला. २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, फ्लोरिडातल्या आयएमजी या क्रीडा अकादमीत गेला. उंची ७ फूट २ इंच. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात, डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतीय नागरिक. तरी एनबीएच्या नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. कॉलेजची शैक्षणिक पात्रता पूर्ण न झाल्यामुळे त्याला कॉलेजात खेळता आलं नव्हतं, आणि तोपर्यंत एनबीएतला खेळ रिंगखालून उठून तीन गुणांच्या रेषेबाहेर निघाला होता. इतकी उंची असूनही हे झालं, हे लक्षात ठेव.

तेव्हा आजपासून पोस्ट सोड. सरांना नम्रपणे सांग की सराव सामन्यांत तरी मला चेंडू आणू द्या. ते नाहीच म्हणाले तर शाळेत सेंटर खेळ आणि संध्याकाळी मैदानावर, मोठ्या मुलांत, गार्ड म्हणून उतर. पहिले चारसहा महिने चेंडू हातून जाईल, लाज वाटेल. बहुतेक मुलं इथेच परत रिंगखाली जातात.

नेमबाजीचं गणित असं धर. आठवड्याला हजार बास्केट. टाकलेले चेंडू मोजायचे नाहीत, पडलेलेच मोजायचे. पाच जागा ठरव: दोन्ही कोपरे, दोन्ही बाजूंचे ४५ अंश आणि समोर. सुरुवात रिंगपासून ३ मीटरवर. एका जागेवरून १० पैकी ७ पडू लागले की एक पाऊल मागे. थेट तीन गुणांच्या रेषेवरून सुरुवात केलीस तर ताकद पुरत नाही, मग चेंडू खांद्यावरून फेकला जातो, कोपर बाहेर पडतं आणि ही सवय जडली की मोडायला फार वेळ लागतो. दर २० बास्केटनंतर एकदा कोर्टच्या दोन्ही टोकांना पळून ये आणि धापा टाकत दोन फ्री थ्रो टाक, कारण सामन्यात फ्री थ्रो ताज्या दमाने कधी मिळत नाही. आणखी एक: चेंडू हातात आल्यावर पाय जुळवू नकोस. पास हवेत असतानाच पाय जुळलेले हवेत. शाळेत तुला दीड सेकंद मोकळा मिळतो, वर त्याच्या निम्मासुद्धा मिळत नाही.

अंतरंही पाठ करून ठेव. आपल्याकडे फिबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची, तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर असते, कॉलेजच्या पुरुषांसाठीही तीच, त्यामुळे इथला सराव तिथे जसाच्या तसा कामाला येतो. एनबीएची रेषा ७.२४ मीटरवर आहे, फक्त कोपऱ्यात ती जवळ येते. कॉलेजात चेंडू मिळाल्यापासून रिंगवर टाकायला ३० सेकंद मिळतात, आपल्याकडे आणि एनबीएत २४. कॉलेजात पाच फाउलला बाहेर, एनबीएत सहा.

बचावाबद्दल कुणी पत्रात लिहीत नाही, तूही लिहिलेलं नाहीस. परदेशी मुलाला प्रशिक्षक पहिली दहा मिनिटं देतात ती बचावासाठी. तुझ्या माणसाकडे पास गेला की दोन-तीन लांब पावलांत अंतर काप आणि शेवटचा मीटर छोट्या, भराभर पावलांनी जा, एक हात वर. शेवटपर्यंत लांब पावलं टाकलीस तर थांबता येत नाही आणि तो एका ड्रिबलमध्ये तुला मागे टाकतो.

गुडघ्यांची काळजी घे. आपली मैदानं सिमेंटची, ती उडीचा हिसका परत तुझ्याच पायात घालतात. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं सुरू होतं ते बहुधा वारंवार उड्यांच्या ताणाने. उड्यांचा सराव आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान ४८ तासांचं अंतर. एका पायावर बसण्या आणि टाचा उचलण्याचा व्यायाम तीन दिवस. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जाणवलं तर उड्या बंद, नेमबाजी चालू. आणि झोप. स्टॅनफर्डच्या पुरुष संघातल्या ११ खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात राहायला लावलं होतं. त्यांचे फ्री थ्रो नऊ टक्क्यांनी सुधारले. मोबाइल उशापासून लांब ठेव एवढंच मी म्हणतो.

आता दुसरी गोष्ट, जिथे आपली मुलं जास्त अडकतात. अमेरिकेतल्या कॉलेज खेळावर एनसीएए या संस्थेचं नियंत्रण आहे आणि तिच्या दृष्टीने तुझं घड्याळ नववीतच सुरू झालंय. पहिल्या विभागात, म्हणजे तिच्या तीन विभागांपैकी सगळ्यांत वरच्या, खेळायला नववी ते बारावीत मिळून १६ मुख्य विषय-वर्षं (एक विषय वर्षभर शिकला की एक) लागतात: इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रं दोन, आणि उरलेली या किंवा इतर मान्य विषयांची. सरासरी ४ पैकी किमान २.३. यातलं गणित नीट बघ. नववी आणि दहावी मिळून दोन वर्षं होतात. अकरावीला 'खेळाला वेळ मिळावा' म्हणून गणित नसलेली शाखा घेतलीस तर तिसरं वर्ष कुठून आणणार? किती चांगला खेळलास तरी तो दरवाजा तिथेच बंद होतो. निदान अकरावीत गणित ठेवच. सॅट या कॉलेज प्रवेश परीक्षेची सक्ती एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण अनेक कॉलेजं ती परीक्षा स्वतः मागतात, आणि बहुतेक ठिकाणी टोफेलसारखी इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते.

ड्रॉप घेऊ नकोस. 'एक वर्ष थांबू, अंग भरेल' हा सल्ला तुला नक्की मिळेल. शिक्षण ठरल्या वेळेत संपणं या पात्रतेत धरलेलं असतं, आणि बारावीनंतर जास्त काळ स्पर्धा खेळत राहिलास तर कॉलेजातल्या खेळण्याच्या वर्षांतून वजावट होऊ शकते. जन्मतारखेला तर हातच लावू देऊ नकोस. लहान गटात खेळवण्यासाठी दाखला 'जुळवून' देणारी माणसं आहेत. पासपोर्ट, बोर्डाचं प्रमाणपत्र आणि स्पर्धेची नोंद यांत दोन तारखा निघाल्या तर व्हिसापासून सगळंच अडतं.

शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणणाऱ्यांबद्दल बाबांना हे वाचून दाखव: मिळणाऱ्या शिष्यवृत्तीतला हिस्सा जो मागतो, त्याच्याशी बोलणंच थांबवा, कारण तशा व्यवहाराने तुझी पात्रता जाऊ शकते. तिसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, हेही आधी ठाऊक असलेलं बरं. जाहिरातींतून कॉलेज खेळाडू कमावतात हे तू वाचलं असशील. २०२१ पासून ते खरं आहे, पण विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला कामावर बंधनं असतात, म्हणून ते पैसे हिशेबात धरू नका.

प्रशिक्षकांना चित्रफीत पाठवताना तीन-चार मिनिटांची कर, पहिल्या पाच तुकड्यांत तुझं सगळ्यांत चांगलं, आणि त्यांत निदान दोन बचावाचे. सोबत एक अख्खा सामना जोड, मध्यरेषेवर उंचावरून घेतलेला, संगीत न घालता. उंची बूट काढून मोजलेली लिही. सध्या तिथले प्रशिक्षक नवख्या मुलापेक्षा दुसऱ्या कॉलेजातून बदली होऊन येणारा तयार खेळाडू पसंत करतात, त्यामुळे दहा पत्रांना उत्तर येणार नाही. पन्नास पाठव. दुसरा विभाग, एनएआयए या वेगळ्या संघटनेतली कॉलेजं आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं यांनाही पाठव.

त्यापुढचं थोडक्यात. एनबीएचे ३० संघ, प्रत्येकी १५ करार आणि तीन दुहेरी करार, म्हणजे एनबीए व खालची जी लीग दोन्हींत खेळण्याचे. ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत साठेक नावं, सगळ्या जगातून. ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात वयाची १९ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. जी लीगमध्ये हंगामाला साधारण ४० ते ४५ हजार डॉलर मिळतात. युरोप आणि ऑस्ट्रेलियात चांगल्या व्यावसायिक लीग आहेत, आणि इथे रेल्वे, ओएनजीसी, सेनादलं खेळाडूंना नोकरी देतात. चार वर्षं खेळून पदवी घेऊन यांपैकी कुठेही पोचलास तरी तुझं बास्केटबॉल व्यावसायिकच असेल.

या आठवड्यात एवढं कर. शाळेतून नववीची मूळ गुणपत्रिका मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह काढून घे. नववीला बोर्ड नसल्यामुळे शाळा ती जपून ठेवतेच असं नाही. मराठीत असेल तर तिचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद करून घे. आणि उजव्या कोपऱ्यातून, ३ मीटरवरून, १० पैकी किती पडतात ते मला कळव.

तुझा,
एक प्रशिक्षक